आम्हांस स्मरते की लिफ्ट बंद आहे

सोसायटीचा सेक्रेटरी निवडायची पद्धत सोपी असते. वार्षिक सभेला जो गैरहजर राहतो, त्याला निवडतात. कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. आणि त्या रविवारी मी बदलापूरला एका बारशाला गेलो होतो. रात्री परत आलो तर वॉचमनने उठून सलाम केला. एरवी तो माझ्याकडे बघतही नाही. काहीतरी घात झालाय हे मी तिथेच ओळखलं.

आमची इमारत डोंबिवलीतली, सात मजल्यांची. लिफ्ट एक. अध्यक्ष निवृत्त शिक्षक. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळी इमारत त्यांना सर म्हणते. खजिनदार बँकेतून निवृत्त. महिला प्रतिनिधी म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. सेक्रेटरीला कामं दोनच, असं मला सांगण्यात आलं : मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं आणि शिव्या खायच्या. दुसऱ्या कामाचा मला नोकरीत भरपूर सराव झाला होता. पहिलं कठीण गेलं. कारण आमच्याकडे इतिवृत्त इंग्रजीत लिहितात. का, ते विचारू नका. समितीत सगळे मराठी, सभासद मराठी, भांडणं तर अस्सल मराठी. पण वहीत उतरताना ती इंग्रजीत उतरतात, म्हणजे निदान उतरल्यावर तरी कुणाला कळू नयेत.

माझं पहिलं इतिवृत्त सरांनी हातात घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेला माणूस चष्मा काढतो तेव्हा पुढे काय येतं, ते आम्हा नापासांना बरोबर कळतं.

"समितीने टाकी गळताना नोटिस केली. समितीने जिन्यातल्या चपला नोटिस केल्या. समितीने दुसरा मजला नोटिस केला. अहो सेक्रेटरी, समितीला दुसरं काही करताच येत नाही का?"

"पण सर, बघितलंच तर आपण."

"एका पानावर एक क्रियापद दोनदा आलं की माझ्या डोळ्यांत खडा जातो. इंग्रजीसारख्या श्रीमंत घरात राहता आणि भिकाऱ्यासारखे वागता?"

खरं म्हणजे सरांचा मुद्दा वेगळ्याच कारणाने बरोबर निघाला. मराठी माणसाला 'नोटीस' हा शब्द फक्त एका अर्थाने माहीत आहे : ती येते, आणि येते तेव्हा कुणाचंही भलं होत नाही. फलकावर 'सेकंड फ्लोअर नोटिस्ड' असं वाचून दुसऱ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ वकील असलेल्या भाच्याला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या चपला फक्त दिसल्या होत्या, कोर्टाचा विचार नव्हता, हे पटवताना माझा चहा आणि भाच्याची फी असा दुहेरी खर्च झाला. फी त्यांनी दिली, पण ती मला ऐकून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एक जाडजूड पुस्तक दिलं. रॉजेटचा थिसॉरस.

"रॉजेट नाही. रोजे," सर म्हणाले. पुस्तक हातात येण्याआधीच माझी एक चूक काढून झाली.

हे पीटर मार्क रोजे लंडनमध्ये १७७९ साली जन्मले. पेशाने डॉक्टर, पण आवड याद्या करण्याची. समानार्थी शब्दांची पहिली वही त्यांनी १८०५ मध्ये स्वतःपुरती तयार केली आणि छापलं पुस्तक निघालं १८५२ मध्ये, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे उभ्या फटींतून पाहिले की वाकलेले दिसतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेत भरली आणि त्यावर त्यांनी १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. त्याही सोसायटीचे ते पुढे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. त्यांच्या सोसायटीत चाकाचे आरे बघायला वेळ मिळत होता, म्हणजे तिथे पाण्याचा टँकर येत नसणार.

रोजेंनी जगातल्या सगळ्या कल्पना हजार खणांत बसवल्या. जुन्या आवृत्त्यांत विचार ४५१ क्रमांकाच्या खणात आहे, लक्ष देणं ४५७ मध्ये, स्मरण ५०५ मध्ये. एक मात्र त्यांनी केलं नाही : कुठल्याच शब्दाचा अर्थ दिला नाही. वाचणाऱ्याला तो ठाऊक असणारच, असं त्या सज्जन माणसाने गृहीत धरलं. डोंबिवलीचा त्यांना अंदाज नव्हता.

"थिसॉरस म्हणजे मूळ ग्रीकमध्ये खजिना," सरांनी समितीला सांगितलं.

"मग तो माझ्याकडे पाहिजे," खजिनदार म्हणाले. त्यांनी पुस्तकाची पावती मागितली.

मला हे सगळं परकं वाटत होतं, तर सर म्हणाले, "आपल्याकडे काय कमी आहे? लहानपणी अमरकोश पाठ केलाय मी. बुद्धीला चौदा नावं आहेत त्यात."

"आणि समितीत माणसं चार," खजिनदार म्हणाले. "पुरवून वापरू."

तर पुढच्या इतिवृत्तापासून समितीची नजर सुधारली. टाकी गळते हे समितीने 'परसीव्ह' केलं. गच्चीवरचा कचरा 'डिटेक्ट' केला. ड्रेनेजचं झाकण सरांनी स्वतःच्या हाताने 'बिहेल्ड' केलं. बायबलात देवदूत दिसतात त्या थाटात आमच्या समितीला गटार दिसलं. इथपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. पण गच्चीवर तिसऱ्या मजल्याचे कपडे वाळत असतात, ही जुनी तक्रार होती, आणि तोवर सरांच्या यादीतले चांगले शब्द संपत आले होते. फलकावर लागलं : 'द कमिटी स्पाइड द गारमेंट्स ऑफ द थर्ड फ्लोअर.'

काकू महिला प्रतिनिधी असल्या तरी फलक वाचतात.

"म्हणजे तुम्ही दुर्बीण लावून बसता का?"

"काकू, स्पाय म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसतं दिसणं," सर म्हणाले.

"आमच्या यांच्या बनियन नव्या आहेत. तुम्ही मला जुनं इंग्रजी सांगू नका."

त्या महिन्यात समितीला गच्चीवर जायला बंदी झाली.

या सगळ्यात एक माणूस मात्र सरांच्या खजिन्यातून सुटला. वॉचमन. समिती निरीक्षण करायची, वॉचमन बघायचा. समितीला गोष्टींची जाणीव व्हायची, वॉचमनला कळायचं. एकदा पंप चालू राहून पाणी वाया गेलं, तेव्हा सरांनी एका फटक्यात लिहिलं, 'द वॉचमन फरगॉट.' पुस्तक उघडलंसुद्धा नाही. मी म्हटलं, सर, याला काही बरा शब्द? ते म्हणाले, "अहो, विसरला म्हणजे विसरला. त्यात काय शोधायचंय?"

पाहण्यापेक्षा विचार करण्याचं प्रकरण अवघड होतं, कारण आमची समिती विचार करते. निदान चहा येईपर्यंत करते. इंग्रजीत या क्रियेला किती नावं आहेत! 'पाँडर' म्हणजे मुळात तोलणं. 'रुमिनेट' म्हणजे मुळात रवंथ. लॅटिनमधून आलेल्या या गाईने आमच्या मीटिंगचं जितकं अचूक वर्णन केलं तितकं कुणीच केलेलं नाही, कारण खजिनदार मीटिंगभर भडंग खातात. 'ब्रूड' हा शब्द मी सरांना सुचवला होता. त्यांनी तो खोडला. अंड्यांवर बसणं हा त्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि डक्टमध्ये ते काम कबुतरं समितीपेक्षा जास्त नेटाने करत होती.

आता प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगतो. पार्किंगचा विषय निघाला.

खजिनदार : "बघू."

काकू : "बघायलाच पाहिजे."

सर : "सगळ्या बाजूंनी बघायला पाहिजे."

मी : "चहा आला."

आणि वहीत : 'आफ्टर प्रोलाँग्ड डिलिबरेशन द कमिटी कंटेम्प्लेटेड द मॅटर अँड रिझॉल्व्ह्ड टु पाँडर इट फर्दर.' हे वाचल्यावर मलाच समितीविषयी आदर वाटायला लागला. पार्किंग होतं तिथेच राहिलं.

यात नवीन काही नाही म्हणा. 'विचार करून कळवतो' हे आपल्याकडे मुलगी बघून जिना उतरताना म्हणतात, आणि आजवर तसं म्हणून कुणी विचारही केलेला नाही नि कळवलेलंही नाही. उसने पैसे नेलेला माणूस रस्त्यात भेटला की आपण तोंड उघडायच्या आत म्हणतो, "लक्षात आहे बरं का!" ज्या अर्थी लक्षात आहे त्या अर्थी पैसे गेले, हा हिशेब अनुभवाने कळतो. इंग्रजीने आपल्याला एवढंच दिलं की हेच सगळं इस्त्री करून म्हणता यायला लागलं. हल्ली तर 'आय थिंक' न लावता कुणाचं वाक्य सुरूच होत नाही. परवा स्टेशनबाहेर एक मुलगा नखशिखान्त भिजून उभा होता. फोनवर आईला सांगत होता, "मम्मा, आय थिंक पाऊस पडतोय." माझी मुलगी पोटावर हात ठेवून म्हणते, "आय थिंक मला भूक लागलीय." अजून पक्कं नाही, विचार चालू आहे.

आणि मग लिफ्ट बंद पडली.

पडली तीही चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. आत कुणी नव्हतं, फक्त पाचव्या मजल्याची दुधाची पिशवी होती. ती कुणी ठेवली आणि एकटीच का पाठवली, हा वाद अजून मिटलेला नाही. सरांनी लिफ्ट कंपनीला पत्र लिहिलं. आठवडा गेला. आता स्मरणपत्र पाठवायचं ठरलं.

"पहिल्या पत्राची आठवण करून द्या, एवढंच लिहू ना?" मी विचारलं.

"'रिमाइंड' पहिल्याच पत्रात वापरलंय."

"पहिल्याच पत्रात आठवण कशाची करून दिलीत?"

"आपल्या उत्तम संबंधांची," सर म्हणाले आणि त्यांनी ५०५ वा खण उघडला.

त्यातून जे निघालं ते असं. दुसऱ्या पत्रात सरांनी लिहिलं, 'किंडली रिकॉल अवर लिफ्ट ॲट द अर्लिएस्ट.' आमची लिफ्ट आठवा, असं त्यांना म्हणायचं होतं. कंपनीने ते आजकाल मोटारी परत मागवतात त्या अर्थाने घेतलं. एक माणूस टेप घेऊन आला, दार मोजलं, जिना मोजला, आणि चार दिवसांनी लिफ्ट काढून नेण्याचं कोटेशन आलं. भंगाराची किंमत वजा करून. खजिनदारांना ते कोटेशन वाजवी वाटलं, हीच मोठी पंचाईत झाली. ते पुढच्या दोन मीटिंगा तेवढंच बोलत होते.

तिसऱ्या पत्रात 'रेमिनिस' आलं. आम्ही सर्व सभासद आपल्या लिफ्टच्या आठवणी काढत असतो, अशा अर्थाचं एक भावपूर्ण वाक्य. मी सरांना म्हटलं की याला जरा श्रद्धांजलीचा वास येतोय. पण कंपनीला तो आला नाही. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, आणि ते वाक्य समाधानी ग्राहकांच्या अभिप्रायांत छापण्याची परवानगी मागितली.

चौथ्या पत्राच्या वेळी लिफ्ट बंद पडून दुसरा महिना भरत होता. सरांनी 'कमेमोरेट' वापरलं. तक्रारीला दोन महिने झाल्याचं आम्ही स्मरण करतो. या शब्दाला पुतळे आणि हारतुरे आवडतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण कंपनीतल्या कुणाला तरी माहीत असावं. उलट टपाली एक भिंतीवरचं कॅलेंडर, दोन पेनं आणि शुभेच्छापत्र आलं. कॅलेंडरवर लिफ्टचं चित्र होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी ते मागून घेतलं. "निदान बघायला तरी मिळेल," म्हणाल्या.

आजींचे गुडघे दोन्ही बदलायला आलेले. भाजी त्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून घेत. सर जिन्यात भेटले की एकच प्रश्न : "झाली का हो?" रोज तेच तीन शब्द. सरांच्या डोळ्यांत खडा जात असणार, पण आजींना पर्यायी शब्द सुचवायची त्यांची छाती नव्हती.

कंपनीची उत्तरंही यायची, आणि तिथेही कुणीतरी सर असावेत असा मला दाट संशय आहे. कारण एकही शब्द पुन्हा यायचा नाही. आपलं पत्र 'नोटेड'. आपल्या पत्राची 'कॉग्निझन्स' घेतली. आपलं पत्र 'पेरूझ' केलं. आपला विषय आमचं लक्ष 'एंगेज' करत आहे. ही एंगेजमेंट काही लग्नापर्यंत जाईना. दोन्हीकडचे सर एकमेकांचं इंग्रजी चाखत होते, आणि लिफ्ट, दुधासकट, अधांतरी होती. दुधाचं काय झालं हे पाचव्या मजल्याने सगळ्यात आधी 'परसीव्ह' केलं. नाकाने.

माझ्या मुलीने एक दिवस इंटरनेटवरून शोधून आणलं की एकच शब्द टाळण्यासाठी असे भरजरी पर्याय शोधण्याच्या खोडीला इंग्रजीतच नाव आहे : 'एलिगंट व्हेरिएशन'. हेन्री आणि फ्रँक फाउलर या भावांनी १९०६ मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात ते वापरलं, आणि हेन्री फाउलरने १९२६ मधल्या आपल्या कोशातही या खोडीची पुन्हा यथेच्छ टर उडवली. मी ते छापून घेऊन सरांकडे गेलो. सरांनी शेवटपर्यंत वाचलं.

"हे फाउलर आपल्या सोसायटीचे सभासद आहेत का?"

"नाही, सर."

"मग त्यांना मतदानाचा हक्क नाही."

शेवटी पाचवं पत्र जायच्या आत कंपनीचं एक पत्र आलं, आणि ते त्यांच्या नेहमीच्या सरांनी लिहिलेलं नव्हतं. हिशेब खात्यातल्या कुणीतरी लिहिलं होतं. त्यात एकच वाक्य होतं : तुमचा वार्षिक देखभालीचा करार मार्चमध्ये संपला, तुम्ही पैसे भरलेले नाहीत, आम्ही तीन पत्रं पाठवली.

समिती खजिनदारांकडे वळली. खजिनदारांनी भडंग खाली ठेवलं.

"आली होती पत्रं," ते शांतपणे म्हणाले. "मी दखल घेतली."

"मग?"

"मग काय? दखल घेतली." त्यांनी फाइल उघडून दाखवली. तिन्ही पत्रांवर 'नोटेड' असा शिक्का होता, तारखेसकट. बँकेतून निवृत्त होताना शिक्का ते सोबत घेऊन आले होते.

धनादेश त्याच संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, वीस मिनिटांत लिफ्ट खाली आणली, दुधाची पिशवी नाकाला रुमाल लावून बाहेर काढली आणि विचारलं, "एवढे दिवस फोन का नाही केला?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. इंग्रजीत होतं आमच्याकडे उत्तर, पण तो घाईत होता.

राहिलं इतिवृत्त. लिफ्ट का बंद राहिली हे वहीत यायलाच हवं होतं; सभासद चिडले होते. सर बराच वेळ ५०५ वर रेंगाळले. मग त्यांची नजर शेजारी गेली. रोजेंनी विरुद्ध अर्थाच्या कल्पना शेजारीशेजारी मांडल्यात. स्मरणाला लागूनच ५०६ वर विस्मरण. आणि तिथे सरांना हवं ते सापडलं. इंग्रजीत गोष्ट माणसाच्या मनातून निसटते, स्मृतीतून पळून जाते, हळूहळू विरते. सगळं करते ती गोष्ट. माणूस बिचारा तिथेच असतो. खजिनदारांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी करार संपल्यापासून पाहिलं नव्हतं.

सर्वसाधारण सभेत सरांनी स्वतः वाचून दाखवलं : 'द रिन्यूअल, हॅव्हिंग एस्केप्ड द कलेक्टिव्ह मेमरी ऑफ द कमिटी...'

आजी पहिल्या रांगेत होत्या, लिफ्टने आल्या होत्या. त्यांनी नातवाला कोपर मारून अर्थ विचारला. नातवाने सांगितला.

"म्हणजे विसरलात ना?" आजी मोठ्याने म्हणाल्या. "मग तसं लिहा की."

सरांनी पान मागे उलटून पाहिलं.

"तसं लिहिता येत नाही, आजी," ते म्हणाले. "तो शब्द वॉचमनसाठी वापरून झालाय."